लॅपटॉप कंपनीचा आहे, उपचार तुमचे आहेत

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार.

मी ३४ वर्षांची आहे, नाशिकला राहते. पुण्यातल्या एका कंपनीसाठी घरून काम करते, महिन्यातून दोनदा ऑफिसला जावं लागतं. आमच्याकडे एका परदेशी विमा कंपनीचे मेडिकल क्लेम तपासायला येतात. हॉस्पिटलचे कागद वाचायचे, बिलाशी ताळा घालायचा, शंका असेल तर शेरा मारून परत पाठवायचं. सहा वर्षं हेच करतेय आणि माझ्या कामात सहसा चूक निघत नाही.

दिवाळीनंतर कंपनीने सगळ्यांच्या लॅपटॉपवर एक सॉफ्टवेअर टाकलं. ‘सिक्युरिटीसाठी आहे’ एवढाच मेल आला होता. मागाहून कळलं की ते दर दहा मिनिटांनी स्क्रीनचा फोटो काढतं आणि दर आठवड्याला प्रत्येकाचा ‘अॅक्टिव्हिटी स्कोअर’ काढतं. माझा ६१ टक्के येतो, टीममध्ये सगळ्यात कमी. आमच्यातली एक जण भराभर क्लेम पास करते, तिचे निम्मे परत येतात, पण तिचा स्कोअर ८८.

गेल्या महिन्यात टीम लीडबरोबर आढावा होता. स्कोअरचं बोलून झाल्यावर ते म्हणाले, “मॅडम, ट्रीटमेंट चालू आहे ना तुमची? त्यामुळे लक्ष लागत नसेल, समजू शकतो.” मला काही सुचेचना. मूल व्हावं म्हणून आम्ही दोन वर्षं उपचार घेतोय. हे माझ्या आईलाही माहीत नाही. क्लिनिकचे रिपोर्ट माझ्या खासगी जीमेलवर येतात आणि जेवणाच्या सुट्टीत एक-दोनदा ते मी ऑफिसच्या लॅपटॉपवर उघडले होते. व्हॉट्सअॅपही त्यावरच चालू असायचं. नवऱ्याशी या विषयावरचं बोलणं सगळं तिथेच.

तेव्हापासून झोप उडाली आहे. नवरा म्हणतो, लॅपटॉप कंपनीचा, चूक आपलीच, विषय सोडून दे. मैत्रीण म्हणते, माऊस आपोआप हलवणारं यंत्र ऑनलाइन मिळतं, ते लाव म्हणजे स्कोअर वाढेल. मला वाटतं सरळ राजीनामा द्यावा, पण घराचा हप्ता आहे आणि उपचारांचा खर्च आहे. कंपनीला असं करता येतं का? मी काय करू?

उत्तर

प्रिय मैत्रिणी,

आधी तुमच्या नवऱ्याच्या म्हणण्याकडे वळते, कारण तेच तुम्हाला आतून खातंय असं पत्र वाचताना जाणवलं. लॅपटॉप कंपनीचा आहे, हे खरं. पण त्यावरून चूक तुमची ठरते, हे मला अजिबात मान्य नाही. जेवणाच्या सुट्टीत स्वतःचा रिपोर्ट उघडून बघण्यात लाज वाटण्यासारखं काहीही नाही. टीम लीडच्या नजरेला ते पडलंच असेल, तर त्याने गप्प राहायला हवं होतं. त्याने ते बोलून दाखवलं, तेही आढाव्याच्या बैठकीत, कमी स्कोअरचं कारण म्हणून. त्याचा हेतू चांगला असेलही. पण त्या एका वाक्याने तुमचे उपचार तुमच्या कामाच्या हिशेबात आणून बसवले. तुमच्या पत्रातली खरी तक्रार ही आहे आणि ती तुम्ही लेखी करावी असं माझं ठाम मत आहे.

त्याआधी एक काम मात्र आज रात्रीच उरका. तुमचं खासगी आयुष्य त्या लॅपटॉपवरून बाहेर काढा, आणि हे सगळं स्वतःच्या फोनवरून करा. व्हॉट्सअॅपमध्ये ‘लिंक्ड डिव्हायसेस’मध्ये जाऊन ऑफिसचा लॅपटॉप लॉग आउट करा. गुगल खात्याच्या सुरक्षेच्या पानावर तुमचं खातं कुठकुठल्या यंत्रांवर उघडं आहे त्याची यादी दिसते, तिथूनही तो काढून टाका आणि मग पासवर्ड बदला. ऑफिसच्या ब्राउझरमध्ये तुमचं खासगी खातं जोडून ‘सिंक’ चालू ठेवलं असेल तर घरच्या मशीनवर साठवलेले पासवर्ड आणि बघितलेल्या साइट्सची यादीही तिकडे पोचलेली असू शकते, त्यामुळे बँकेचा पासवर्डही बदला. क्लिनिकचे रिपोर्ट डाउनलोड केले असतील तर तुमच्या त्या फाइल्स, फक्त तुमच्याच, काढा. बऱ्याच कंपन्यांत डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्सचं फोल्डर आपोआप कंपनीच्या क्लाउडवर चढत असतं, म्हणून तिथेही बघा.

तीन गोष्टी मात्र करू नका. ते सॉफ्टवेअर बंद करायचा किंवा काढायचा प्रयत्न करू नका. कंपनीची कुठलीही फाइल पुसू नका. आणि पुरावा म्हणून ऑफिसचे मेल स्वतःच्या जीमेलवर फॉरवर्ड करू नका. हा शेवटचा मोह फार जणांना होतो. बाहेर जाणाऱ्या मेलवर कंपनीची वेगळी राखण असते. क्लेमचा एखादा नंबर जरी त्या मेलमध्ये असला तरी तक्रार करणाऱ्या तुम्ही आणि गोपनीय माहिती बाहेर पाठवणाऱ्याही तुम्हीच, असं चित्र उभं राहतं. त्यापेक्षा साधी वही घ्या. आढावा कोणत्या तारखेला झाला, किती वाजता, कोण कोण होतं, टीम लीड नेमकं काय म्हणाले, हे शब्दशः लिहून ठेवा. आज लख्ख आठवतंय ते दोन महिन्यांनी पुसट होतं.

आता त्यांना नेमकं काय दिसतं ते सांगते. मी मनुष्यबळ विभागात बरीच वर्षं काढली आहेत, अशी पानं जवळून पाहिली आहेत. टीम लीडच्या पानावर प्रत्येक माणसाची एक ओळ असते. त्या ओळीत दहा-दहा मिनिटांचे चौकोन, प्रत्येक चौकोनात त्या वेळच्या स्क्रीनचं छोटं चित्र आणि त्याखाली हिरवी, पिवळी किंवा लाल पट्टी. चौकोनावर क्लिक केलं की चित्र मोठं होतं, अक्षरं वाचता येतात. व्हॉट्सअॅपचा निरोप वाटेत कुणाला वाचता येत नाही हे खरं, पण तो तुमच्या स्क्रीनवर उघडलेला असताना फोटो निघाला तर त्या सुरक्षेचा काही उपयोग उरत नाही. इन्कॉग्निटो खिडकीचंही तेच. ती फक्त त्या मशीनवरची इतिहासाची यादी ठेवत नाही, फोटो काढणाऱ्याला काहीच अडवत नाही.

काही कंपन्या याही पुढे जातात. ते तपासायचं असेल तर लॅपटॉपवर गुगलचं मुखपृष्ठ उघडा, पत्त्याच्या पट्टीतल्या चिन्हावर क्लिक करून सर्टिफिकेट कुणी दिलंय ते बघा. तिथे गुगलच्या ऐवजी तुमच्या कंपनीचं किंवा एखाद्या सुरक्षा सॉफ्टवेअरचं नाव दिसलं, तर तुमची इंटरनेटवरची ये-जा वाटेत उघडून पाहिली जातेय असं समजा. हे बेकायदा असतंच असं नाही. पण कळलेलं बरं.

तुमच्या कंपनीची एक बाजू मला मान्य आहे आणि ती तुम्हीही मान्य करावी. तुमच्यासमोर दिवसभर परक्या माणसांच्या आजाराचे कागद उघडे असतात. ते कुणी पेनड्राइव्हवर उतरवू नयेत, बाहेर पाठवू नयेत, यासाठी देखरेख लागणारच. विमा कंपनी करारातच ते लिहून घेते. पण गल्ल्यावर कॅमेरा लावणारा दुकानदार नोकराचा डबा उघडून बघत नाही. माहिती बाहेर जातेय का हे पाहायला फाइल कुठे कॉपी झाली, कुठला मेल बाहेर गेला, एवढ्या नोंदी पुरतात. दर दहा मिनिटांनी अख्ख्या स्क्रीनचा फोटो त्यासाठी लागत नाही.

तो फोटो उलट धोका वाढवतो, आणि हा मुद्दा तुमच्या हातातला सगळ्यात पक्का मुद्दा आहे. तुम्ही एखाद्या रुग्णाची डिस्चार्ज समरी वाचत असताना फोटो निघाला की त्या रुग्णाचं नाव, आजार, औषधं, सगळं त्या फोटोत जातं. ते फोटो कुठे साठतात? कदाचित सॉफ्टवेअर विकणाऱ्या तिसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवर. ज्या विमा कंपनीने हे कागद विश्वासाने तुमच्या कंपनीकडे दिले, तिला याची कल्पना आहे का? हा प्रश्न एचआरला विचारून बघा. तुमच्या खासगीपणाचा विषय आला की ‘पॉलिसीत आहे’ असं उत्तर मिळू शकतं. ग्राहकाच्या डेटाचा विषय आला की त्याच खोलीत लोक सावरून बसतात. शिवाय यातली विसंगती नजरेआड करता येत नाही. एखाद्या परदेशी रुग्णाला त्याच्या आजारावरून तुम्ही एक वाक्य बोलला असतात तर त्याच दिवशी नोकरी गेली असती. मग तेच तुमच्याबाबतीत घडलं तर ‘समजू शकतो’ एवढ्यावर कसं भागेल?

स्कोअरचं गणितही समजून घ्या, म्हणजे ६१ हा आकडा मनाला लागणार नाही. अशा सॉफ्टवेअरमध्ये सहसा दहा मिनिटांचे ६०० सेकंद धरतात आणि त्यातल्या किती सेकंदांत की-बोर्डची कळ दाबली गेली किंवा माऊस हलला ते मोजतात. बस्स. तुम्ही चार मिनिटं एखादा अवघड ऑपरेशनचा कागद डोळ्यांत तेल घालून वाचलात, तर २४० सेकंद शून्य. म्हणजे उरलेली सहाही मिनिटं तुम्ही न थांबता टाइप करत राहिलात तरी त्या तुकड्याचे ६० टक्केच होणार. क्लेम नीट वाचणाऱ्या माणसाचा स्कोअर ६० च्या आसपास येणं हे त्या मापाचंच लक्षण आहे. न वाचता पुढे ढकलणाऱ्याचा ८८ येतो, तोही त्याच कारणाने.

हे काही माझ्या एकटीचं म्हणणं नाही. फ्रान्समध्ये डेटा संरक्षणावर देखरेख करणारी सरकारी संस्था आहे, सीएनआयएल. तिने डिसेंबर २०२४ मध्ये घरजागांच्या व्यवसायातल्या एका कंपनीला ४०,००० युरो दंड केला. त्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये ३ ते १५ मिनिटं माऊस-कीबोर्ड हलला नाही तर तो वेळ बिनकामाचा धरला जाई, आणि अधूनमधून स्क्रीनचे फोटोही निघत. संस्थेचं म्हणणं असं होतं की बैठकीत बसलेला किंवा फोनवर बोलणारा माणूसही कामच करत असतो, तेव्हा अशा मोजणीला कामाच्या तासांचा हिशेब म्हणता येत नाही. आणि फोटोत खासगी मेल, गप्पा, पासवर्ड पकडले जाऊ शकतात, हेही तिने नोंदवलं. तुमचीच गोष्ट आहे ही, फक्त गाव वेगळं.

मायक्रोसॉफ्टनेही २०२० मध्ये ‘प्रॉडक्टिव्हिटी स्कोअर’ नावाची सोय आणली होती, त्यात कर्मचाऱ्यांची नावंनिशी आकडेवारी व्यवस्थापनाला दिसत होती. खूप टीका झाली आणि त्याच डिसेंबरमध्ये कंपनीने व्यक्तींची नावं त्यातून काढत असल्याचं जाहीर केलं. एवढ्या मोठ्या कंपनीला जे मागे घ्यावं लागलं, त्याबद्दल तुमच्या एचआरला प्रश्न विचारताना संकोच वाटू देऊ नका.

मैत्रिणीने सांगितलेलं माऊस हलवणारं यंत्र मात्र कृपा करून घेऊ नका. ते पकडलं जातं. यूएसबीला काहीही जोडलं तरी त्याची नोंद होते. सॉफ्टवेअर वापरलं तर माऊस हलतोय पण कळ एकही दाबली जात नाही, खिडकीही बदलत नाही, हा नमुना उठून दिसतो. अमेरिकेत वेल्स फार्गो या बँकेने २०२४ मध्ये डझनाहून जास्त लोकांना कीबोर्ड चालू असल्याचं भासवल्याच्या कारणावरून काढलं. पण पकडलं जाण्याची भीती हे माझं दुसरं कारण. पहिलं असं की आज तुमची बाजू स्वच्छ आहे. यंत्र लावलंत की उद्या तुमच्या तक्रारीवर बोलणं बंद होईल आणि तुमच्या लबाडीवर चालू होईल.

स्कोअर वाढवण्याऐवजी दुसरा आकडा पुढे करा. गेल्या सहा महिन्यांत रोज सरासरी किती क्लेम काढलेत, क्यूसीत (दर्जाच्या फेरतपासणीत) किती परत आले, मुदतीत किती गेले. हे आकडे तुमच्याच डॅशबोर्डवर असतील. पुढच्या आढाव्यात शांतपणे म्हणा, “माझं काम याने मोजा.” टीमच्या तुलनेत परत आलेल्या क्लेमचं प्रमाण कमी असेल तर टीम लीडला उत्तर द्यावंच लागेल.

आता कायदा. तुम्ही विचारलंत, कंपनीला असं करता येतं का? खोटा दिलासा देत नाही. आपल्याकडे कामाच्या संगणकावर नजर ठेवायला बंदी घालणारा वेगळा कायदा नाही. नेमणुकीच्या वेळी सह्या केलेल्या कागदांत ‘कंपनीच्या यंत्रणांवर देखरेख ठेवली जाऊ शकते’ असं वाक्य जवळजवळ नक्की असेल, ते शोधून पुन्हा वाचा. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, पण मूलभूत हक्क मुख्यतः सरकारविरुद्ध चालतात, खासगी मालकाविरुद्ध तो निकाल वापरणं सोपं नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. त्यातलं सातवं कलम नोकरीच्या कारणासाठी आणि मालकाचं नुकसान टाळण्यासाठी कर्मचाऱ्याची माहिती संमतीशिवाय वापरायची मुभा देतं. मला ही सूट फार सैल वाटते. तरी ती ‘नोकरीच्या कारणासाठी’ आहे. वंध्यत्वाचे उपचार त्यात कसे बसतात, ते कंपनीने सांगावं.

तोवर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३-ए आणि त्याखालचे २०११ चे नियम आहेत. त्यांत आरोग्याची स्थिती आणि वैद्यकीय इतिहास ‘संवेदनशील वैयक्तिक माहिती’ म्हणून स्पष्ट लिहिलाय. अशी माहिती गोळा करायची तर लेखी संमती लागते, ती कायदेशीर आणि गरजेच्या कामासाठीच असावी लागते, आणि ती गोळा होतेय, कशासाठी, कुणाकडे जाणार, हे माणसाला माहीत असावं लागतं. ‘सिक्युरिटीसाठी आहे’ या एका ओळीत यातलं काय बसलं? याच नियमांप्रमाणे कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचं नाव वेबसाइटवर द्यावं लागतं आणि त्याने एका महिन्यात तक्रार निकाली काढायची असते. वेबसाइटच्या तळाशी ‘प्रायव्हसी पॉलिसी’ उघडलीत की बहुधा ते नाव सापडेल. कंपनीने दाद दिलीच नाही तर भरपाईसाठी राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांकडे अर्ज करता येतो, या कायद्याखाली न्यायनिर्णय अधिकारी तेच असतात. पण तो रस्ता लांबचा आहे, नुकसान सिद्ध करावं लागतं, आणि वकिलाशिवाय त्यावर जाऊ नका.

युरोपातला एक निकाल तुम्हाला लागू नाही, पण त्यातले प्रश्न उसने घेण्यासारखे आहेत. रुमानियातल्या एका अभियंत्याने कंपनीच्या सांगण्यावरून याहू मेसेंजरचं खातं उघडलं होतं. कंपनीने २००७ च्या जुलैत काही दिवस त्यावर नजर ठेवली, मग भाऊ आणि होणाऱ्या बायकोशी झालेल्या बोलण्यासह ४५ पानांचा उतारा त्याच्यापुढे ठेवला आणि त्याला काढून टाकलं. त्या बोलण्यात प्रकृतीच्या गोष्टीही होत्या. खासगी वापराला कंपनीत बंदी होती, तरीसुद्धा ५ सप्टेंबर २०१७ ला युरोपीय मानवाधिकार न्यायालयाच्या मोठ्या खंडपीठाने ११ विरुद्ध ६ मतांनी त्याच्या बाजूने कौल दिला. न्यायालयाने विचारलं ते साधं होतं. आधी सांगितलं होतं का, आणि आत काय आहे ते वाचणार हेही सांगितलं होतं का? किती वाचलं, किती जणांनी? कारण काय होतं? यापेक्षा कमी घुसखोरीने ते काम झालं नसतं का?

हेच प्रश्न तुम्ही लिहून विचारायचे. मेल एचआरला आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याला, टीम लीडला प्रत नको. हा मेल स्वतःच्या खासगी मेलवरून पाठवा, कारण त्यात फक्त तुमचीच माहिती आहे, क्लेमचं काहीही नाही, आणि त्याची प्रत तुमच्याकडे राहते. भाषा ऑफिसात चालते ती ठेवा, मजकूर साधारण असा:

“अमुक तारखेच्या आढावा बैठकीत माझ्या वैद्यकीय उपचारांचा उल्लेख करण्यात आला आणि तो माझ्या कामगिरीशी जोडण्यात आला. ही माहिती मी कंपनीत कोणालाही दिलेली नाही. ती स्क्रीनशॉटमधून मिळाली असावी, असे मला वाटते. माझ्या वैद्यकीय माहितीचे सर्व स्क्रीनशॉट नष्ट करून तसे लेखी कळवावे. ते आतापर्यंत कोणी पाहिले, हे सांगावे. माझ्या कामाच्या कोणत्याही नोंदीत या माहितीचा उल्लेख असल्यास तो काढावा. तसेच हे सॉफ्टवेअर काय नोंदवते, नोंदी कोठे व किती काळ ठेवल्या जातात, त्यात येणाऱ्या ग्राहकांच्या रुग्णांच्या माहितीबाबत काय व्यवस्था आहे, हे सर्व कर्मचाऱ्यांना कळवावे. स्क्रीनशॉट अस्पष्ट करण्याची सोय असल्यास ती सुरू करावी, ही विनंती.”

शेवटची विनंती मुद्दाम घातली आहे. अशा बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये फोटो धूसर करण्याची, टीम लीडला फोटो न दाखवण्याची, किंवा फोटो पूर्ण बंद ठेवण्याची सोय असते. कंपनीला पैसे पडत नाहीत, कुणाचा अपमान होत नाही, सेटिंगमधली एक खूण बदलावी लागते. ज्याने काम सहज होईल अशी एक मागणी तक्रारीत असली की समोरच्यालाही ‘हो’ म्हणायला जागा मिळते. मेलनंतर एचआरने फोनवर बोलावलं तर जरूर बोला, आणि बोलणं झालं की ‘आपलं असं असं ठरलं’ म्हणून दोन ओळी परत लिहून पाठवा.

टीम लीडने पुन्हा असं काही काढलं तर तिथल्या तिथे, आवाज न चढवता म्हणा, “सर, हा माझा खासगी विषय आहे, यावर आपण बोलायला नको.” एवढं वाक्य आरशासमोर चार वेळा म्हणून ठेवा, ऐनवेळी तोंडातून निघावं म्हणून. आणि बोलण्याला जर शारीरिक संबंधांचा, थट्टेचा रंग चढला तर विषय वेगळा होतो. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असावीच लागते, तिच्याकडे तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यायची.

तुमच्या टीममध्ये हे टोचणाऱ्या तुम्ही एकट्या नसणार. उपचारांचा विषय न काढता दोघी-तिघांशी बोला, पण ऑफिसच्या चॅटवर नको. सॉफ्टवेअर काय नोंदवतं ते सांगा, अशी विचारणा चार जणांच्या सहीने गेली तर एकटीवर रोख राहत नाही. पुण्यात ‘नाइट्स’ ही आयटी क्षेत्रातल्या कर्मचाऱ्यांची संघटना आहे, ती कामगार खात्याकडे तक्रारी नेत असते. कंपनीने सूड उगवला असं दिसलं तर तिथे विचारता येईल. या नजरेखाली फक्त लॅपटॉपवालेच आहेत असंही नाही. नागपूर महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळं बांधली होती. रस्ता किती साफ झाला यापेक्षा माणूस कुठे उभा आहे ते बघणारी ही मोजणी पाहून मला तुमचा ६१ आकडा आठवतो आणि राग येतो. तुम्हाला निदान आपलं बोलणं स्वतःच्या फोनवर नेता येतं, त्यांना तेही नव्हतं.

राजीनाम्याचं विचाराल तर आत्ता नको. आत्ता दिलात तर तुम्ही काहीतरी लपवत होतात असा अर्थ निघेल, आणि फोटो तिथेच राहतील. शिवाय एक व्यवहाराची गोष्ट तपासा. कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये प्रसूतीचा किंवा उपचारांचा काही खर्च मिळतो का, ते पॉलिसीच्या कागदात बघा. ते संरक्षण सहसा नोकरीच्या शेवटच्या दिवसाबरोबर संपतं. दोन वर्षांच्या उपचारांनंतर ऐन गरजेच्या वेळी ते हातातून जाऊ देऊ नका. दुसरी नोकरी शोधायला आजपासून सुरुवात करा, स्वतःच्या फोनवरून. नव्या नोकरीचं पत्र हातात पडेपर्यंत इथलं सोडू नका. मेल पाठवल्यावर दोन-तीन महिन्यांत तुमचं मूल्यांकन अचानक घसरलं, चांगले क्लेम काढून घेतले, तर तारखांसकट वहीत लिहा. मग राजीनाम्याऐवजी वकिलाकडे जायची वेळ आली असं समजा.

क्लिनिकच्या पुढच्या तारखेसाठी रजा लागेल, तेव्हा अर्जात ‘वैद्यकीय कारण’ एवढंच लिहा. प्रमाणपत्र मागितलं तर डॉक्टरांना आधीच सांगा की त्यावर ‘उपचार चालू आहेत, अमुक दिवस विश्रांती’ इतकंच लिहा, उपचारांचं नाव नको. क्लिनिकच्या लेटरहेडवरून विषय कळत असेल तर तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून घ्या. नवऱ्याला हे उत्तर वाचायला द्या. मेल पाठवताना ते शेजारी बसले तर तुम्हाला बरं वाटेल. एचआरचं उत्तर आलं की मला कळवा. गोलमोल असेल तर दुसरा मेल कसा लिहायचा ते आपण मिळून ठरवू.